बोटीचा ट्रेलर गराजमध्ये घालायचाय: मागचा हिच, पुढचा हिच, हाताची डॉली की मोटरवाली?

मिशिगनमध्ये बोट घेणं सोपं आहे, ठेवायची कुठे हाच घोळ. नोव्ही, कँटनकडे कित्येक सबडिव्हिजनच्या एचओएला (घरमालकांच्या संघटनेला) ड्राइव्हवेवर बोट उभी केलेली चालत नाही, बाहेर स्टोरेज घेतलं तर भाडं चालू, मग उरतं घरचं गराज. ते जुनं सिंगल दारवालं असेल तर दार ८ नाहीतर ९ फूट रुंद आणि ७ फूट उंच. इथे सगळे विचारतात "कुठला जुगाड घेऊ", पण त्याच्या आधी टेप घेऊन बाहेर जा.

१७-१८ फुटी अॅल्युमिनियमची फिशिंग बोट म्हटली तरी ट्रेलरचा टंग (गाडीला जोडायचा पुढे आलेला भाग) आणि मागची मोटर धरून एकूण लांबी २१-२२ फुटांवर जाते आणि गराज आतून बऱ्याचदा २० ते २२ फूटच असतं. रुंदीचंही तसंच, रस्त्यावर चालणारा सगळ्यात रुंद ट्रेलर साडेआठ फुटी, तो ९ फुटी दारातून गेला तर दोन्ही बाजूंना ३-३ इंच उरतात आणि ८ फुटी दारातून तर जातच नाही. लांबी कमी पडत असेल तर टंगला बिजागरी लावून तो बाजूला दुमडता येतो, साधारण २ फूट वाचतात, बोल्टने बसणारी किट मिळतात, फक्त टंगच्या लोखंडी नळीचं माप बरोबर घ्या. आणि मोटर आत गेल्यावर खाली उभी करा, वर उचललेली मोटर मागे जास्त जागा खाते, शिवाय उभी ठेवली की आतलं पाणी निथळून जातं, इथल्या हिवाळ्यात ते गोठून मोटर फुटायला नको.

आता पर्याय.

मागच्या हिचने (गाडीला ट्रेलर जोडायची जागा) रिव्हर्स. फुकट आहे आणि हे यायलाच हवं, कारण रॅम्पवर बोट पाण्यात सोडायला तेच लागतं. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, हात डावीकडे नेला की ट्रेलरची शेपूट डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे, बाकी काही पाठ करायची गरज नाही. छोटा ट्रेलर मात्र लांब ट्रेलरपेक्षा पटकन वाकडा होतो. ड्राइव्हवे सरळ आणि लांब असेल तर हे पुरतं, पण गराजचं दार घराच्या बाजूला असेल (सबडिव्हिजनमध्ये हे खूप दिसतं) तर ट्रक आणि ट्रेलर दोघांनाही एकाच वळणात वळायला जागा नसते आणि तिथे पुण्यातल्या सोसायटीच्या खांबांमधून गाडी काढणारे लोकही हात टेकतात. फोर्डने २०१६ च्या एफ-१५० पिकअपमध्ये आणलेली बॅकअप असिस्टची नॉब छान आहे, ट्रेलर कुठे वळवायचा ते नॉबने सांगायचं, स्टिअरिंग ट्रक स्वतः फिरवतो, पण दाराच्या चौकटीकडे बघायचं काम तुमचंच राहतं.

पुढचा हिच. ट्रकच्या फ्रेमला पुढून २ इंची रिसीव्हर (हिच अडकवायची चौकोनी नळी) बोल्टने लावायचा आणि ट्रेलर समोर ढकलायचा. मान मोडून मागे बघत बसायला नको, दाराचे दोन्ही कोपरे बऱ्यापैकी समोर दिसतात, आणि वळणारी चाकं बॉलच्या (टंग ज्यावर बसतो तो गोळा) जवळच असल्याने टंग चटकन इकडेतिकडे जातो, कमी जागेत इंच-इंच सरकवता येतो. खर्च काहीशे डॉलर. अडचण एवढीच की फ्रेमवाल्या पिकअप आणि मोठ्या एसयूव्हीला किट मिळतं, क्रॉसओव्हरला (कारसारख्या बांधणीच्या एसयूव्हीला) बऱ्याचदा मिळतच नाही. मिशिगनमध्ये पुढची नंबर प्लेट लागत नाही, ओहायोनेही २०२० मध्ये काढून टाकली, इलिनॉय आणि मिनेसोटावाल्यांनी मात्र प्लेट झाकली जाणार नाही ना ते बघून घ्या.

हाताची डॉली. दोन चाकं, एक दांडा, वर बॉल, त्यावर टंग ठेवून ट्रेलर हाताने ढकलायचा. सगळ्यात स्वस्त म्हणून सगळे आधी हीच घेतात. तिच्यावर ६०० पाउंड असं काहीतरी छापलेलं असतं, ते टंगवर येणारं वजन आहे हो, पूर्ण बोटीचं नाही. खरी गोम वेगळीच आहे. पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून ड्राइव्हवेला उतार गराजपासून रस्त्याकडे दिलेला असतो, म्हणजे बोट आत नेणं हे नेहमी चढावरच. हिशोब करा, बोट-ट्रेलर मिळून २००० पाउंड धरा, १० फुटांत अडीच इंच चढ म्हणजे साधारण ४० पाउंडचा जोर सतत लावायचा, चाकांचं घर्षण वेगळं, दोघांत आरामात होतं. १० फुटांत ६ इंच असेल तर १०० पाउंड, आणि १० फुटांत एक फूट असेल तर २०० पाउंड. शिवाय दारातला तो छोटा उंबरठा, तिथे चाक अडकलं की सगळा वेग संपतो. बोट शेपटीकडून आत जाते, म्हणजे दांडा धरणारे तुम्ही उताराच्या खालच्या बाजूला उभे आणि डॉलीला ब्रेक नाही! म्हणून जास्त उतार असेल तर ही घेऊच नका, कितीही जण मदतीला असले तरी. सपाट असेल तर मात्र मजा आहे, एका अॅक्सलचा (चाकांची एकच जोडी असलेला) ट्रेलर जवळजवळ जागच्या जागी फिरतो, बाजूच्या दारात वळवायला याच्यासारखं काही नाही. दोन अॅक्सल असतील तर टायर घासत वळतात आणि जोर खूप जास्त लागतो.

मोटरवाली डॉली. रिमोट किंवा हँडल, बॅटरीवर चालते, वळायला तशीच चपळ आणि कंबर वाचते. पण तिच्या चाकांची पकड येते टंगच्या वजनातून, बोटीत सगळं सामान मागे असेल आणि टंग हलका असेल तर ओल्या काँक्रीटवर चाकं नुसती फिरतात. बॉक्सवरचा आकडा सपाट जमिनीचा समजा, चढावर कमी धरा. पैसेही हाताच्या डॉलीपेक्षा कितीतरी जास्त, आणि वर्षातून दोनदाच बोट हलवणार असाल तर हिवाळाभर बॅटरी चार्ज ठेवायची कटकट. दर वीकेंडला लेक सेंट क्लेअरला वॉलआय माशाच्या मागे जाणाऱ्यांना परवडते.

लॉन ट्रॅक्टरला बॉल लावून ढकलायचं मीही बघितलंय लोकांना, सपाटवर चालतं, चढावर बोटच ट्रॅक्टरला मागे ढकलते. मागच्या भिंतीजवळ विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लावली तर ओढते, पण वळवत नाही.

माझं मत विचाराल तर पिकअप असेल आणि उतार जाणवण्याइतका असेल तर पुढचा हिच, दुसरा विचार नको. क्रॉसओव्हर आणि सपाट ड्राइव्हवे असेल तर हाताची डॉली आणि सोबत एक माणूस. क्रॉसओव्हर आणि चढ, त्यात दार बाजूला, तर मोटरवाली घ्या नाहीतर स्टोरेजचं भाडं भरा. कुठलाही पर्याय असो, हिच काढायच्या आधी चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या, त्या लावल्याशिवाय टंगला हात लावायचा नाही. आणि दार १६ फुटी डबल असेल तर यातलं काहीच नको, मागच्या हिचने तिरकी घालून टाका, फक्त जानेवारीत कोणाची कार बर्फात बाहेर राहणार ते घरात आधी ठरवून घ्या.