शिवलेल्या बाइंडिंगची बिनतारखेची डायरी, दोन वर्षं वापरून

आधी स्वतःबद्दल थोडं सांगतो, म्हणजे हा रिव्ह्यू कुठल्या माणसाचा आहे ते कळेल. मी डायरी लिहितो, १४ वर्षं झाली, रोज नाही पण आठवड्यातून चार-पाच दिवस नक्की, आणि तिच्यात बाकी काही असो नसो माझ्या चुका असतातच, कुणाला काय बोलून बसलो, कुठे दिलेला शब्द पाळला नाही, कुठला निर्णय रागात घेतला. हे सगळं मी परत वाचतो, म्हणून वही कशी आहे याने मला खूप फरक पडतो.

तर ही ए५ साइजची आहे, १४८ बाय २१० मिलीमीटर, म्हणजे ए४ कागदाच्या निम्मी, कडक कव्हर, १०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) कागद. शाईपेनने लिहिलं तर मागच्या बाजूला अक्षरांची सावली दिसते पण शाई फुटत नाही. तारखा छापलेल्या नाहीत ते फार बरं. छापील तारखांच्या डायरीत आठ दिवस सुटले की ती कोरी पानं बघून माझं लिहायचंच बंद व्हायचं, आणि भांडण झालं त्या दिवशी एक पान कधीच पुरायचं नाही.

पण मला खरं बोलायचंय ते बाइंडिंगबद्दल. पानं नुसती गोंदाने चिकटवलेली नाहीत, कागद घडी घालून त्याचे फर्मे, म्हणजे एकात एक घातलेल्या पानांचे छोटे गठ्ठे, केलेत आणि ते घडीतून दोऱ्याने शिवलेत, त्यामुळे वही टेबलावर सपाट उघडी राहते, हाताने दाबून धरावी लागत नाही. फक्त अशा वहीतलं पान फाडू नका. घडीमुळे प्रत्येक पानाला त्याच फर्म्यात एक जोडीचं पान असतं, एक फाडलं की दुसरं सुटतं.

मी फाडलं. मागच्या वर्षी एका जुन्या मित्राशी कडाक्याचं भांडण झालं आणि त्या रात्री त्याच्याबद्दल इतकं वाईट लिहिलं की महिन्याभराने वाचताना मलाच लाज वाटली, पान टरकन ओढून काढलं. दोन दिवसांनी वही उघडली तर आधीचं एक पान सुटून हातात आलं, भांडणाच्या आठवडाभर आधीचं. त्यावर माझ्याच अक्षरात होतं, याचा फोन आला होता, आवाज बरा वाटला नाही, उद्या निवांत फोन करतो म्हणालो. तो फोन मी केलाच नव्हता आणि मला ते आठवतही नव्हतं, इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की तोच विनाकारण तुटक वागला. त्याच संध्याकाळी फोन लावून माफी मागितली. आता बोलतो तो, पण पूर्वीसारखं नाही.

अजून एक, खोडता येणारं जेल पेन डायरीला वापरू नका. ती शाई उष्णतेने दिसेनाशी होते, साधारण ६० अंशाला. माझी आधीची एक वही उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली आणि पानंच्या पानं कोरी झाली. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्यावर अक्षरं परत आली, पण मी मुद्दाम खोडलेल्या ओळीसुद्धा आल्या, नंतर लिहिलेल्या अक्षरांत मिसळून, काही ठिकाणी वाचताच येत नाही.

तक्रारी म्हणाल तर खुणेची रिबन एकच आहे आणि तिचं टोक सहा महिन्यांत उसवलं, बंद ठेवायचं इलॅस्टिकही सैल पडलंय. मागच्या कव्हरला कागदाचा खिसा आहे तो मात्र टिकलाय, ते सुटलेलं पान त्यातच ठेवलंय. चिकटवून बघितलं होतं, पण मग वही तिथे नीट उघडत नव्हती.