फ्रिस्कोतलं आमचं किराणा दुकान: माल उत्तम, रांग असह्य

२००८ साली आम्ही टेक्सासात फ्रिस्कोला राहायला आलो, तेव्हा कढीपत्त्यासाठी गाडी काढून आयर्विंग गाठायचो. आज हे दुकान घरापासून पाच मिनिटांवर आहे, आणि त्यासाठी मी मालकांची मनापासून ऋणी आहे.

ज्वारीचं पीठ बारीक दळलेलं, भाकरी थापताना कड चिरत नाही. गुरुवारी संध्याकाळी मेथीच्या जुड्या येतात, माती लागलेल्या, पण पानं कोवळी. कोकम, गोडा मसाला, गणपतीच्या आठवड्यात उकडीची पिठी, सगळं मिळतं.

पण शनिवारी जाऊ नका. काउंटर तीनच, गेल्या वेळी बिलाला चाळीस मिनिटं लागली. तान्हं बाळ घेऊन उभी असलेली एक मुलगी शेवटी टोपली तिथेच ठेवून निघून गेली. मला फार वाईट वाटलं. दुकान होतं तेवढंच आहे, गाव मात्र तेवढं राहिलं नाही. फ्रिस्कोत २००० साली जेमतेम ३४ हजार लोक होते, २०२० च्या जनगणनेत दोन लाखांवर गेले. फ्रिस्कोचा बराचसा भाग ज्यात येतो त्या कॉलिन काउंटीनं (म्हणजे जिल्ह्यानं) तोवर दहा लाखांचा टप्पा ओलांडला होता. आता घरं उत्तरेला प्रॉस्पर, सेलिनापर्यंत पोचलीत आणि तिकडची मंडळीही इथेच येतात. वीस हजारांवर वस्तीच्या शहरांत सेलिना २०२३ मध्ये अमेरिकेत सगळ्यात वेगानं वाढलं!

मालकांना कळकळीची विनंती: शनिवार-रविवार आणखी दोन काउंटर उघडा, म्हाताऱ्यांसाठी दोन खुर्च्या ठेवा. तोवर पाचपैकी चार तारे. मी गुरुवारीच जाते.