जुन्या 'हॉट रॉड' अंकांचा खोका आणि टॉम मेडली : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी वस्तू काय ते सांगतो. 'हॉट रॉड' ह्या गाड्यांच्या अमेरिकन मासिकाचे १९४९ ते १९५५ मधले सुटे अंक, सलग नाहीत, मधले बरेच गायब, आणि तळाशी 'रॉड अँड कस्टम'चे चार-पाच जुने अंक, ते सुरुवातीला छोट्या आकारात निघायचे तसले, खिशात मावतील एवढे. सगळं एका केळ्यांच्या खोक्यात भरलेलं. लॉस एंजेलिसजवळच्या पोमोनाच्या स्वॅप मीटला (जुन्या सामानाच्या बाजारात) घेतलं, ८० डॉलर, पूर्ण खोका. विकणारे आजोबा सुटे अंक द्यायलाच तयार नव्हते, घ्यायचं तर सगळं उचल, नाहीतर पुढे हो. थोडी घासाघीस करून बघितली, काही उपयोग झाला नाही.

घेतलं कशासाठी? माझं सगळं लहानपण कोल्हापुरात उद्यमनगरात गेलं, बाबांचं लेथचं वर्कशॉप, शाळा सुटली की तिथेच. नोकरीसाठी इकडे दक्षिण कॅलिफोर्नियात आलो आणि शेजारी एक रिटायर्ड आजोबा निघाले ज्यांच्याकडे १९४० ची फोर्ड कूपे आहे, आत मर्क्युरीचं फ्लॅटहेड व्ही-८ (जुन्या पद्धतीचं, आठ सिलिंडरचं) इंजिन. शनिवार-रविवार त्यांच्या गॅरेजमध्ये हात काळे करायची सवय लागली. तेव्हा म्हटलं त्या काळातले टेक्निकल लेख हाताशी असले तर बरं. म्हणजे माझ्या दृष्टीने हा खोका म्हणजे वर्कशॉप मॅन्युअल. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वापरली गेली ती त्यातली कार्टूनं, आणि म्हणून हा रिव्ह्यू निम्मा खोक्याचा आणि निम्मा ती काढणाऱ्या माणसाचा आहे, टॉम मेडलीचा. जन्म १९२०, मार्च २०१४ मध्ये गेला, ९३ वर्षांचा होऊन. हॉट रॉडच्या दुनियेतला माझ्या मते सगळ्यात भारी गोष्टीवेल्हाळ माणूस, आणि गोष्टी सांगायचा त्या चित्रांतून.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॉट रॉड म्हणजे जुनी स्वस्तातली गाडी, बहुतेक वेळा १९३२ ची फोर्ड किंवा त्याच्या आगेमागची, मडगार्ड-बिडगार्ड काढून हलकी केलेली, इंजिनात जेवढं जमेल तेवढं घरगुती काम केलेलं, आणि मग ती घेऊन एल मिराजसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांवर जाऊन किती पळते ते बघायचं. महायुद्धाच्या आधीपासून हे चालू होतं, ह्या पोरांच्या क्लबांची एससीटीए नावाची संघटना १९३७ ची. युद्ध संपल्यावर मेकॅनिक होऊन परत आलेली पोरं आणि भंगारात निघालेलं लष्करी सामान दोन्ही एकदम बाजारात आलं, विमानाची पेट्रोलची जादा टाकी आणून तिच्यात इंजिन बसवून गाडी करणारे सुद्धा निघाले. पण रस्त्यावर पण रेस लागायच्या, अपघात व्हायचे, आणि पेपरवाल्यांनी हॉट रॉड हा शब्द जवळजवळ गुंड ह्या अर्थाने वापरायला घेतला होता. म्हणून मग जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्मरीत (लष्कराच्या हॉलमध्ये) प्रदर्शन भरवलं, की बघा आम्ही काय करतो, आणि त्याच वेळी रॉबर्ट पीटरसन नावाच्या विशीतल्या पोराने जोडीदाराबरोबर 'हॉट रॉड'चा पहिला अंक काढला. किंमत २५ सेंट, ५,००० प्रती, बाहेर पायऱ्यांवर उभं राहून विकला.

मेडली मूळचा ओरेगनचा, युद्धावरून येऊन इकडे आर्ट शिकत होता आणि उरलेला वेळ पासाडेनाच्या ब्लेअर्स स्पीड शॉपमध्ये पडीक. स्पीड शॉप म्हणजे इंजिनाचे रेसचे पार्ट मिळायचं दुकान, आणि टाइमपासचा अड्डा पण. तिथे बसून गिऱ्हाइकांची कार्टूनं काढायचा, ती दुकानात भिंतीवर लागायची, ती पीटरसनने बघितली आणि ह्याला मासिकात घेतला. त्यातून स्ट्रोकर मॅकगर्क हे त्याचं कार्टूनमधलं पात्र आलं. हा स्ट्रोकर म्हणजे प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो तसा आयडियाबाज माणूस. आमच्या उद्यमनगरात पण होता एक, लूनाला पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवतो म्हणून सहा महिने सगळ्यांचं डोकं खाल्लं, आणि खरं सांगायचं तर त्याचं गणित बरोबर होतं, फक्त ब्रेकचा विचार केला नव्हता. स्ट्रोकरचं अगदी तसंच. आयडिया अर्धी बरोबर असते म्हणून तर हसू येतं, पूर्ण येडचापपणा असता तर एका अंकात संपला असता.

आता वापराबद्दल. टेक्निकल लेख कामाचे आहेत का? काही आहेत. फ्लॅटहेडची एक जन्मजात खोड आहे, ह्यात व्हॉल्व्ह हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) नसतात, ब्लॉकमध्येच असतात आणि आतल्या बाजूला, त्यामुळे एक्झॉस्टचा गरम गॅस बाहेर पडायला ब्लॉकच्या आतून सिलिंडरांच्या मधून जातो. वर मधल्या दोन सिलिंडरांचा रस्ता एकच. म्हणजे आठ सिलिंडर आणि बाहेर यायला एका बाजूला तीनच भोकं. सगळी उष्णता पाण्यात, इंजिन तापणारच. आजोबांची कूपे सिग्नलला उभी राहिली की काटा चढायचा. रेडिएटर नवा, दोन्ही बाजूचे वॉटर पंप नवे, तरी तेच. ह्या अंकांमध्ये वाचलं की ब्लॉक ओतताना आतली वाळू पाण्याच्या जागेत राहून जाते, ती काढा. म्हणून मग दोन्ही हेड उतरवले, एकेकाला २४ बोल्ट, आणि वरच्या भोकांमधून जाड तार वाकवून आत खरवडत बसलो. काय निघालं म्हणून सांगू, आधी गंजाचा लाल गाळ, मग काळी बारीक वाळू, सत्तर वर्षं तशीच बसलेली, आणि ओतकामातल्या सांगाड्याचा एक वाकडा तारेचा तुकडा. बाबांना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन, "अरे फौंड्रीवाल्यानं फेटलिंग नीट केलं नाही, बाकी काय." फेटलिंग म्हणजे ओतलेल्या कामाची साफसफाई. फौंड्री मिशिगनची काय आणि आमच्या शिरोलीची काय, ते त्यांनी एका झटक्यात सोडवलं.

आता काटा मधोमध राहतो. म्हणजे ८० डॉलर तिथेच वसूल झाले असं म्हणायला हरकत नाही. पण हेही सांगतो की हे ज्ञान आता दहा ठिकाणी फुकट मिळतं, आणि अंकातले बाकीचे लेख, अमुक कॅम लावा, तमुक मॅनिफोल्ड लावा, त्यातले निम्मे पार्ट मिळत नाहीत आणि मिळाले तर किंमत बघून चक्कर येते. मर्क्युरीचा चार इंच स्ट्रोकचा (पिस्टन वर-खाली तेवढा जातो) क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, फोर्डचा पावणेचार इंचाचा, तेवढ्या पाव इंचासाठी ती पोरं भंगारवाल्यांकडे दिवसभर फिरायची, हे वाचायला मजा येते, करायला कोण जातंय. त्या काळी तो स्वस्त उपाय होता. आज नाही.

मेडलीचं मात्र काही जुनं झालेलं नाही. हेड उतरवलेले, बोल्ट ओळीने पुठ्ठ्यात खोचून ठेवलेले, आजोबा स्टुलावर बसून अंक चाळतायत आणि मधेच खो खो हसतायत, तेल लागलेल्या बोटांनी पान माझ्याकडे करतायत, आणि मी पण हसतोय, हे ह्या काही महिन्यांत कितीतरी वेळा झालंय. (त्या पानांवर आता आमचे पण अंगठे उठलेत. आधीच्या मालकाने पेन्सिलीने कॅमच्या जाहिरातीशेजारी बेरजा केल्यात, किती पैसे साठले वगैरे, तिथेच.) आजोबा दहा-बारा वर्षांचे असताना हेच अंक न्हाव्याच्या दुकानात वाचायचे, आणि टेक्निकल काही कळायचं नाही, पण स्ट्रोकर कळायचा.

मला उशिरा लक्षात आलेली गोष्ट अशी की अंकाचा संपादकीय सूर भयंकर गंभीर आहे. १९४९ पासून संपादक वॉली पार्क्स, त्यांनीच १९५१ मध्ये एनएचआरए ही ड्रॅग रेसची, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतींची, संघटना काढली, आणि ह्यांचा सगळा भर रस्त्यावर रेस लावू नका, शिस्तीत ट्रॅकवर या, पोलिसांशी नीट वागा ह्याच्यावर. बरोबरच होतं ते. त्याच प्रयत्नांतून १९५३ मध्ये पोमोनाच्या जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये एनएचआरएची पहिली अधिकृत ड्रॅग रेस झाली, म्हणजे जिथे मी हा खोका घेतला तेच आवार, आणि पार्क्सच्या नावाचं म्युझियम पण तिथेच आहे. पण नुसते उपदेश असते तर पोरांनी अंक बाजूला ठेवला असता. मेडली त्याच अंकात स्वतःच्याच लोकांची टर उडवत होता, बाहेरचे पेपर उडवायचे तशी नाही, घरातला माणूस उडवतो तशी, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की स्ट्रोकरची फजिती बघून जितक्या पोरांनी काहीतरी येडं करायचं टाळलं असेल तितकं संपादकीय वाचून टाळलं नसेल. हे मी सिद्ध करू शकत नाही, पण हेड उतरवताना आजोबा मला सेफ्टीबद्दल जे काही बोलले ते सगळं "स्ट्रोकरसारखं करू नकोस" ह्या तीन शब्दांत होतं.

आणि गंमत म्हणजे ह्याचं येडेपण पुढे खरं पण झालं. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण पॅराशूटचं. रेसची गाडी थांबवायला स्ट्रोकर पॅराशूट लावतो हे लोकांनी विनोद म्हणून वाचलं, आणि पन्नासचं दशक संपता संपता ड्रॅगस्टरच्या (ड्रॅग रेसच्या खास गाड्यांच्या) मागे खरोखरची पॅराशूट दिसायला लागली. विचार केला तर सरळ आहे. पाव मैलाच्या शेवटी गाडी ताशी दीडशे मैलांच्या आसपास, बऱ्याच गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि ब्रेक कितीही दाबला तरी शेवटी टायरची पकड जेवढी तेवढंच काम. पॅराशूटला टायरशी देणंघेणं नाही, हवेला धरून ओढतं, आणि वेग जितका जास्त तितकं जोरात. हे त्या भाईला विनोद सुचता सुचता सुचलं होतं. ते कार्टून माझ्या खोक्यात नाहीये ही माझी सगळ्यात मोठी तक्रार.

बाकीच्या तक्रारी पण सांगतो, रिव्ह्यू आहे म्हटल्यावर. वास. बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे घरात नाही आणायचं, शिंका येतात," म्हणून खोका गॅरेजमध्येच. कागद साधा, कडा तपकिरी, उघडताना कोपरे तुटतात. कूपन कापलेली पानं खूप, आणि कूपनच्या मागच्या बाजूला नेमकं मेडलीचं काम असलं की शेवट गायब, स्ट्रोकर गाडीत बसलाय आणि पुढे काय झालं ते १९५१ मध्ये कोणीतरी कॅटलॉग मागवायला पोस्टात टाकलंय. आणि मजकूर त्या काळचा आहे, 'पार्ट्स विथ अपील' नावाचं सदर यायचं, त्यात एक सुंदर पोरगी हातात इंजिनाचा एखादा पार्ट धरून उभी, एवढंच. माझ्या मुलीने ते बघून विचारलं "ती लावणार आहे का तो?" मी म्हटलं तिला विचारलंच नाही कोणी. ह्या अंकांत एकूणच बायका आहेत त्या बाजूला उभ्या राहायला, तेवढं मनाची तयारी करून वाचा. भाषाही आपल्याला जड जाते, गाडीचं छत कापून बुटकं करणं, बॉडी चॅसिसवर खाली बसवणं, ह्या सगळ्याला त्यांचे स्वतःचे शब्द, आणि ते माहीत नसतील तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. मला आजोबा होते विचारायला. नसते तर हा खोका एव्हाना विकला असता.

मेडली पुढे नुसता कार्टूनवाला राहिला नाही हे पण सांगायला हवं. फोटो काढायचा, लिहायचा, साठच्या दशकात स्ट्रोकरला 'रॉड अँड कस्टम'मध्ये परत आणला, नंतर त्या मासिकाचा प्रकाशक झाला. तोवर ड्रॅग रेसिंग पैशेवाल्यांचं आणि खास बनवलेल्या गाड्यांचं झालं होतं, रस्त्यावर चालवायची जुनी रोडस्टर (उघडी, दोन सीटची गाडी) घेऊन येणाऱ्याला तिथे कोणी विचारत नव्हतं. तेव्हा ह्या लोकांनी १९७० मध्ये इलिनॉयमधल्या पिओरियाला पहिली स्ट्रीट रॉड नॅशनल्स भरवली, रेस नाही, बक्षिसासाठी पळापळ नाही, गाडी स्वतः चालवत या आणि भेटा. त्यामागे मेडली होता, टेक्स स्मिथ होता, तो पण तसाच गप्पिष्ट लिहिणारा, तो पण आता नाही. आज अमेरिकेत गावोगावी सकाळी बर्गरच्या दुकानासमोर जुन्या गाड्या लावून खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी मंडळी दिसतात ना, त्याची मुळं मला तिथे दिसतात. आमचे आजोबा पण त्यातलेच, आता कूपे तापत नाही म्हणून दर रविवारी जातात, मला पण नेतात, आणि तिथे कॉफीबरोबर जे किस्से चालतात त्यातला निम्मा भाग कोण कसं फजीत पावलं हाच असतो.

घ्यायचा विचार असेल तर : आख्खा खोका घ्या, निवडक अंक महाग पडतात. चाळीसच्या दशकातले अंक वेगळ्याच भावाला जातात, पहिल्या अंकाच्या तर नादाला लागू नका, आणि पुनर्मुद्रण आहे का ते बघून पैसे द्या. घेण्याआधी मधली पानं मोजा आणि स्टेपल बघा, गंजले असतील तर घरी आल्यावर बोथट सुरीने उचकटून काढून टाका, नाहीतर गंज पानात उतरतो. प्रत्येक अंक वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, सिलिका जेलची पुडी टाकून. आणि गॅरेजमध्ये वाचणार असाल तर स्ट्रोकरचं पान आधी मोबाईलने स्कॅन करून ठेवा, कारण तेच पान सगळ्यात जास्त हाताळलं जाणार आहे.