इनटेकच्या नावाखाली झालेली फसवणूक

रोजच्या वापरातील गाडीला बाहेरचा ‘कोल्ड एअर इनटेक’ (इंजिनाला थंड हवा पुरवतो म्हणून विकला जाणारा फिल्टर आणि पाइपचा संच) बसवून घेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. तो भाग कुचकामी निघाला एवढ्यापुरती माझी तक्रार नाही. तो विकताना खऱ्याखोट्याची जी सरमिसळ पद्धतशीरपणे करण्यात आली, ती उघड व्हावी, असे मला वाटते.

विक्रेत्याने तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या: इंजिनाची ताकद वाढेल, मायलेज सुधारेल आणि कंपनीच्या फिल्टरपेक्षा हवा अधिक स्वच्छ मिळेल. पुरावा म्हणून डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, एक आलेख पुढे ठेवण्यात आला. त्यावर ना गाडीचे मॉडेल होते, ना चाचणीच्या वेळचे तापमान. पहिली चाचणी तापलेल्या इंजिनावर आणि दुसरी बॉनेट उघडे ठेवून, समोर पंखा लावून घेतली, तर कोणताही भाग न बदलताही दोन रेषांमध्ये अंतर दाखवता येते, हे मला नंतर एका जाणकार मेकॅनिककडून समजले. शिवाय त्या आलेखातले अंतर इंजिन अगदी कमाल फेऱ्यांजवळ पोहोचल्यावरच दिसत होते आणि रोजच्या रहदारीत इंजिन तिथपर्यंत क्वचितच जाते.

मायलेजचा दावा तर मुळातच टिकणारा नाही. पेट्रोल इंजिनात किती हवा जावी हे थ्रॉटलची झडप ठरवते आणि शहरात गाडी चालवताना ती झडप बहुतांश वेळ अर्धवटच उघडी असते. नळाची तोटी थोडीशीच उघडी असताना मागचा पाइप रुंद केल्याने बादली लवकर भरत नाही, तसाच हा प्रकार आहे. हवा जास्त गेली असती तरी पेट्रोल वाचले नसते, कारण साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे वजनाचे प्रमाण राखण्यासाठी इंजिनाच्या संगणकाने त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवले असते. ओक रिज या अमेरिकी राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर असे दिसून आले की, आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये फिल्टर चोंदला तरी मायलेजवर लक्षणीय परिणाम होत नाही. असे असताना चांगल्या स्थितीतला फिल्टर काढून दुसरा बसवल्याने मायलेज वाढेल, हे सांगणे म्हणजे निव्वळ दिशाभूल होती. मला मात्र ‘फरक’ दाखवण्यात आला. डॅशबोर्डवरचा सरासरीचा आकडा शून्यावर आणून गाडी मोकळ्या, सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालवली गेली. अशा चालवण्यात कोणत्याही गाडीचा आकडा वाढलेलाच दिसेल.

‘कोल्ड एअर’ हे नावही खोटे ठरले. कंपनीचा फिल्टर ज्या डब्यात असतो, त्याचे तोंड बहुतेक गाड्यांमध्ये समोरच्या जाळीजवळ किंवा मडगार्डच्या आत असते, म्हणजे तो आधीपासूनच बाहेरची थंड हवा घेत असतो. त्याच्या जागी बसवलेला उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर थेट इंजिनाशेजारी आला आणि तापलेली हवा ओढू लागला. हवा 30 अंशांऐवजी 60 अंश सेल्सिअसची झाली की तिची घनता सुमारे 9 टक्क्यांनी घटते, म्हणजे वचन दिले होते त्याच्या नेमके उलट घडते. वाढला तो फक्त आवाज. डब्यातील आवाज शोषणारा कप्पा निघून गेल्यामुळे इंजिन गुरगुरते आणि त्या आवाजाने पिकअप वाढल्याचा भास होतो. विक्रेत्यांचा निम्मा धंदा या भासावरच चालतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे चेक इंजिनचा दिवा लागला. ‘संगणक नव्या भागाशी जुळवून घेतो आहे’ असे सांगून विक्रेत्याने स्कॅनर लावून संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला आणि दिवा पुन्हा लागला तेव्हाही तेच केले. दुसऱ्या गॅरेजमध्ये तपासणी केल्यावर मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचा P0171 हा कोड निघाला. हवा मोजणाऱ्या सेन्सरची बारीक तार कंपनीच्या पाइपच्या व्यासानुसार बेतलेली असते. नवा पाइप रुंद असल्यामुळे तिच्यावरून जाणाऱ्या हवेचा वेग कमी होत होता आणि सेन्सर हवा कमी मोजत होता. त्यातच तेल लावलेल्या कापडी फिल्टरमधून सुटलेल्या तेलाचा चिकट थर त्या तारेवर बसला होता. मेकॅनिकने फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ असायला हव्या त्या बाजूच्या पाइपमधून पांढरे फडके फिरवले, तेव्हा त्यावर करड्या धुळीचा पट्टा उमटला. हीच धूळ पुढे सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा घासते आणि ते नुकसान फार उशिरा लक्षात येते.

शर्यतीसाठी इंजिनाचे ट्यूनिंग बदललेल्या गाडीत अशा इनटेकला अर्थ असू शकतो, हे मी मान्य करतो. रोजच्या गाडीला मात्र ठरावीक अंतरावर बदललेला साधा कागदी फिल्टर पुरेसा आहे. तरीही कोणाला बसवायचाच असेल, तर आपल्याच मॉडेलच्या गाडीचा, तापमान नोंदवलेला आणि बॉनेट बंद ठेवून घेतलेला आलेख मागावा, पाइपमध्ये सेन्सरच्या जागेचा व्यास मूळ पाइपइतकाच आहे का ते मोजून घ्यावे आणि दिवा लागल्यास कोड पुसू देण्याआधी त्याचा क्रमांक लिहून ठेवावा. काढलेला मूळ डबा, त्याचे क्लॅम्प आणि रबरी नळ्या त्याच वेळी ताब्यात घ्याव्यात. ‘टाकाऊ’ म्हणून माझा डबा विक्रेत्याने परस्पर ठेवून घेतला होता आणि गाडी पूर्ववत करण्यासाठी मला तो नव्याने विकत घ्यावा लागला. तो बसवून सेन्सरची तार त्यासाठीच्या खास द्रावणाने साफ केल्यानंतर दिवा पुन्हा लागलेला नाही.