नळदुर्ग की परंडा?

सुट्टी एकाच दिवसाची आणि धाराशिव जिल्ह्यातले दोन किल्ले मनात घोळत असतील, तर आधीच सांगतो, दोन्ही एका दिवसात उरकू नका. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या वर आहे. दिवस गाडीतच जाईल.

नळदुर्गाचं वैभव पाण्यात आहे. बोरी नदी किल्ल्याला वळसा घालते. पलीकडे रणमंडळ, म्हणजे नळदुर्गाचा जोडकिल्ला. या दोन्हींच्या मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, दगडी बंधारा घातला गेला आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात सांडव्यांतून पाणी कोसळतं, समोर पाण्याचा पडदा हलत असतो आणि महालात उभा माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षांपूर्वी हा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांच्यापुढे मी दर वेळी हात जोडतो. सांडव्यांतून कोसळणारं हे पाणी म्हणजेच नर-मादी धबधबे. मात्र बंधारा भरून वाहिला तरच ते दिसतात. पाऊस रुसलेल्या वर्षी नुसता कोरडा दगड बघावा लागतो. निघण्याआधी नळदुर्गात कुणाला तरी फोन करून "बंधारा वाहतोय का?" एवढं विचाराच. उपळी बुरूज मात्र बारमाही आहे. पायऱ्या दमवतात, पण वर लांबलचक तोफा आणि सगळा किल्ला नजरेच्या टप्प्यात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर असल्यानं एसटीची अडचण नाही.

परंड्याला गर्दी कमी, आणि मला त्याचं वाईट वाटतं. किल्ला आटोपशीर आहे, पण लढाईसाठी बांधलेला भुईकोट कसा असतो हे इथं चालता चालता कळतं. खंदक, दुहेरी तट, आणि दरवाजातून आत जाताना अशी वळणं की शत्रू प्रत्येक ठिकाणी वरच्या माऱ्यात सापडावा. पहिल्यांदा मी तासाभरात बाहेर पडलो होतो. दुसऱ्या खेपेला निम्मी दुपार त्या वाटेवरच गेली. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची गादी काही काळ इथं होती. विजापूरची मुलूखमैदान तोफही आधी इथलीच; १६३२ मध्ये ती तिकडे नेली. बाकीच्या काही तोफा अजून बुरुजांवर आहेत. आतल्या मशिदीचे कोरीव खांब जरूर बघा.

बंधारा वाहत असेल आणि सोबत लेकरं असतील, तर नळदुर्ग. एरवी बार्शीमार्गे परंडा, सकाळी लवकर, बॅटरी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन.