पश्चिमेच्या खिडकीवर शेडनेट: दोन उन्हाळ्यांनंतर

नागपुरात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. माझी शिलाई मशीन पश्चिमेच्या खिडकीपाशी आहे. एप्रिल लागला की दुपारी तीननंतर मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका बसायचा, आणि लग्नसराईचे ब्लाउज तर त्याच दिवसांत असतात. म्हणून मागच्या वर्षी खिडकी बाहेरून शेडनेटनं, म्हणजे रोपांवर सावलीसाठी ताणतात त्या जाळीनं, झाकायचं ठरवलं.

आत जाड पडदा होताच, पण पडद्यानं उजेड थांबतो, गरमी थांबत नाही. ऊन काचेतून आत येतं, पडदा तापतो आणि ती गरमी खोलीतच राहते. छज्जाचाही उपयोग नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा छज्जाची सावली मिळते. चार वाजता तो उतरला की छज्जाखालून ऊन थेट मशीनवर. ते काचेला लागायच्या आधीच अडवायला हवं.

इतवारी बाजारातून ९० टक्क्यांची हिरवी नेट आणली. टक्के म्हणजे ती किती ऊन अडवते ते. पहिल्या दुकानातली नेट ९०ची म्हणून दिली, पण घरी उजेडात धरली तर मागची बोटं मोजता येत होती. ती बाजूला ठेवून दुसऱ्या दुकानात गेले आणि ५०, ७५, ९०चे तुकडे शेजारी शेजारी धरून मगच घेतली. तीन मीटर पन्हा, मीटरला १३५ रुपये. तुकडे असे धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

आमची ग्रिल फूटभर पुढे आलेली आहे, त्यामुळे चौकट ग्रिलच्या आतल्या अंगाला पण काचेच्या बाहेर बसते. अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो (कोपऱ्याचे काटकोनी जोड) घेतले. परकराला करतो तसा नेटला चारही बाजूंनी नेफा केला, एल्बोसाठी कोपरे कापले आणि नेफ्यातून पाइप ओवले. छल्ले मारायची गरजच पडली नाही. १८ नंबरची सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा वापरा, सुती आणि नायलॉनचा दोरा उन्हात लवकर कमजोर होतो. पाइप सुटे आत सरकवून एल्बो तिथेच जोडले, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर कुणालाही बाहेर वाकावं लागलं नाही. काच आणि नेट यांच्यात वीतभर जागा सोडा आणि वरची बाजू उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते.

दोन गोष्टी चुकल्या. पांढऱ्या प्लास्टिक टायनं चौकट ग्रिलला बांधली होती. मे संपता संपता त्या हात लावताच तुटायला लागल्या. आता काळ्या लावल्यात, त्या अजून धड आहेत. आणि एका संध्याकाळच्या वादळात दोन एल्बो निखळले. सोल्युशननं चिकटवलं तर पावसाळ्यात चौकट सोडवून ठेवता येणार नाही, म्हणून प्रत्येक जोडाला एक छोटा स्क्रू मारला.

फरक पडला का? भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये दुपारी चारला, कूलर बंद असताना, आधी ४१ दिसायचे, हिरवी नेट लावल्यावर ३७-३८. कूलर लावला की खोली लवकर गार होते. कूलर दुसऱ्या खिडकीत आहे, त्याच्यावर नेट ताणू नका; त्याला हवा लागते.

पण हिरव्या नेटची एक अडचण दुकानात कुणी सांगत नाही. खोलीभर हिरवट उजेड पडतो. एका गिऱ्हाइकाच्या राणी रंगाच्या ब्लाउजला मी त्या उजेडात दोरा जुळवला, आणि अंगणात नेऊन पाहिलं तर दोरा मरून रंगाचा निघाला. सगळी शिवण उसवली. रंगाशी ज्यांचं काम आहे, शिवणकाम असो, चित्रं असोत, त्यांनी हिरवी घेऊच नये. यंदा मी ७५ टक्क्यांची काळी लावली. ऊन थोडं जास्त येतं, थर्मामीटर एखादा अंश वर दाखवतो, पण रंग खरे दिसतात आणि दुपारी दिवा लावावा लागत नाही. हिरवी आता निजायच्या खोलीत गेली, तिथे ती उत्तम आहे.

माझ्या माहेरी वाळ्याच्या ताट्या असायच्या. त्यांचा गारवा वेगळाच आणि तो वास नेटला कुठून येणार! पण ताटीला दिवसभर पाणी शिंपडावं लागतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पाण्याची ओढ असते. नेटला पाणी लागत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की स्क्रू काढून पाइपांवर नंबर टाकायचे, नेट धुऊन गुंडाळून ठेवायची.

दोन्ही खिडक्यांचा खर्च नऊशेच्या आत झाला. स्लॅबची गरमी मात्र यानं जात नाही, रात्री अकरापर्यंत ती वरून जाणवते. त्यासाठी यंदा गच्चीला चुना मारून घेतला आहे.