रोजच्या कवितेसाठी: वाशीची गाडी की तलावपाळी?

कवितेची वही रोज उघडायची तर आधी काहीतरी टिपलेलं हाताशी हवं. ठाण्यात राहणाऱ्याला त्यासाठी दोन जागा सहज जमतात: वाशीला जाणारी ट्रान्स-हार्बर गाडी आणि मासुंदा तलावाची पाळ. दोन्ही एकदम धरू नका, आठवडाभरात दोन्ही सुटतात. कवितेत माणसांचं बोलणं येत नसेल तर गाडी धरा. बोलणं येतं पण नजर एका जागी ठरत नाही, असं असेल तर तलावपाळी.

गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे थोडं लवकर गेलं की बसायला मिळतं, आणि वाशीपर्यंतचा अर्धा तास टिपणाला पुरतो. ए-फोर कागद तीनदा दुमडला की 8 चौकोन होतात. एका चौकोनात एक दिवस, आणि दिवसाला तीनच गोष्टी: कानावर पडलेलं एक वाक्य जसंच्या तसं, एक वस्तू, एक क्रियापद. पेन्सिल वापरा. पावसाळ्यात ओल्या हाताने जेल पेन फिसकटतं. नावं, फोन नंबर, घरगुती भांडणाचे तपशील टिपू नका. आपल्याला बोलण्याची लय हवी आहे. मुंबईकडे जाणाऱ्या मेन लाइनच्या गाडीत मात्र सकाळी 8 ते 10 खिशातला हातही वर येत नाही. तिथे एकच वाक्य मनात घोळवत न्यायचं आणि उतरल्यावर, फोन बघायच्या आधी, फलाटावर लिहायचं.

गाडीत एक चूक जवळजवळ प्रत्येकाची होते: पंधरा दिवसांत सगळ्या कविता ‘गर्दीत मी एकटा’ अशा होतात. एकदम सगळा डबा बघितला की हातात फक्त गर्दी उरते. म्हणून वार बांधून घ्या. सोमवारी फक्त हात बघायचे, मंगळवारी फक्त पिशव्या, बुधवारी फक्त जेवणाचे डबे. टिपण त्याच रात्री वहीत उतरवा. दोन दिवसांनी ‘निळी पिशवी, दार’ म्हणजे काय होतं ते आठवत नाही.

तलावपाळीला सकाळी सातच्या आत जा. संध्याकाळी खाण्याच्या गाड्या आणि फिरणाऱ्यांची गर्दी असते, लिहिणं होत नाही. तळ्याला पूर्ण फेरी मारू नका. कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूला एक जागा ठरवा आणि रोज तिथेच 15 मिनिटं उभे राहा. काल नव्हतं असं एक तरी टिपा: पाणी किती खाली गेलं, कुठलं फूल टोपलीतून गेलं. दुसऱ्या आठवड्यात हमखास कोरडं वाटतं, कारण ‘शांत पाणी’, ‘रम्य सकाळ’ वापरून संपलेलं असतं. तिथे सोडू नका. विशेषणं संपली की खरं बघणं सुरू होतं.

ऐरोलीच्या खाडीतले रोहित पक्षी बघायला जरूर जावं, पण रोजच्या सरावाला ती जागा नाही. ते हंगामी आहेत, भरती-ओहोटी सांभाळावी लागते, आणि कविता फोटोखालच्या ओळीसारखी होते.

टिपण कुठूनही आणा, रविवारी 40 मिनिटं त्याला छंदात बसवा. अभंगाचं 6-6-6-4 अक्षरांचं माप सरावाला उत्तम. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. ‘तळ्याकाठी फुलं विकणारी शांत बाई’ या टिपणाचं असं होतं:

तळ्याकाठी फुले / विकते ती बाई /
मोजण्याची घाई / नाही तिला

यात ‘शांत’ गेलं. मापात त्याला जागा नव्हती, आणि बाईसाठी यमक शोधताना सापडलेल्या ‘घाई’ने तेच काम जास्त नेमकं केलं. जोडाक्षर एकच मोजायचं, म्हणजे ‘मोजण्याची’ची अक्षरं चार. नवखे ‘ण्या’ला दोन धरतात आणि ओळ तोकडी राहते.

आमचा कौल नवशिक्याला आधी तलावपाळीचा, कारण तिथे आपण काय बघितलं नाही ते दुसऱ्या दिवशी तपासता येतं. गाडीतलं वाक्य एकदा गेलं की गेलं. सुरुवात पावसाळ्यात करत असाल तर मात्र गाडीच धरा. एका हातात छत्री घेऊन 15 मिनिटं लिहिणं जमत नाही. तलावपाळी ऑक्टोबरपासून.